इंजिनाच्या आवाजाचा आळ

अंगद ढाकणे माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवतो. सुप्याच्या चौकातून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाळे एकाला एक लागून आहेत. माझं काम सीट कव्हरचं, त्याचं आवाजाचं. मधली भिंत पत्र्याची आहे, त्यामुळे त्याच्याकडे लागलेलं प्रत्येक गाणं मला ऐकावंच लागतं आणि माझ्या शिलाई मशिनीची घरघर त्याला. शेजारी येऊन वर्ष झालं तरी त्यानं माझ्याकडचा चहा घेतला नव्हता. पुढे एकदा त्यानंच कारण सांगितलं, "सहादेवभाऊ, मला वाटायचं तुमी चहा पाजून माझ्या गिऱ्हाइकांची माहिती काढताल."

माणूस असा. त्याच्याकडे गाडी आली की तो आधी मोबाईल काढतो आणि गाडीभोवती फिरून व्हिडिओ घेतो. चारी बाजू, काचा, आरसे, ओरखडे. मग मालकाला आत बसवून त्याच्याच हातानं हॉर्न वाजवायला लावतो, दिवे लावायला लावतो, गाडी चालू करायला लावतो. "हे चालत होतं ना? मग तसं मोठ्यानं म्हना." गाडीतून जे काढेल ते खोक्यात भरून, चिकटपट्टी मारून मालकाच्या हातात देतो, जुना स्क्रूसुद्धा ठेवून घेत नाही. गिऱ्हाईक वैतागतं. एकदा एक मास्तर म्हणाले, "अरे, मी गाडी द्यायला आलोय का जबाब नोंदवायला?" अंगद म्हणाला, "गाडी तुमची, हात माझे. नंतर वांधे नकोत."

हे कुठून आलं ते मला त्याच्या बायकोकडून, रोहिणीकडून कळलं. अंगद पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा टोळीच्या खोपीत रेडिओ उघडून बघता बघता शिकला. वयात आल्यावर चिंचवडला एका मोठ्या दुकानात कामाला लागला. तिथं एका बाईनं तक्रार केली की गाडीच्या कप्प्यात ठेवलेली माझी बांगडी गेली. गाडीला हात लावलेला एकटा अंगद. दुपारभर त्याला चौकीत बसवून ठेवलं, खिसे उलटे केले, खोलीवर जाऊन त्याची पेटी उचकली. बापाला फोन लावून विचारलं, तुमच्या पोराला आधीपासून सवय आहे का. पुढे आठवड्याभरानं दुकानाचा मालक काम चालू असतानाच त्याला म्हणाला, "अरे, त्यांची बांगडी घरातच सापडली बरं का." एवढंच. आणि पुढच्या गाडीची किल्ली हातात दिली. अंगदनं ती गाडी पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी काम सोडलं.

अशा माणसाच्या दारात अमृत शेळकेंची स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली.

अमृतशेठना आमच्याकडे सगळे ओळखतात. एमआयडीसीतल्या कंपन्यांना कामगार ने-आण करायला त्यांच्या बस आहेत. सुरुवात केली तेव्हा एकच जुनी बस होती आणि ते स्वतः चालवायचे. आता पन्नाशीला टेकले आहेत. पुण्याहून त्यांनी जुनी पण चकाचक अशी निळी गाडी आणली. दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आमच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिला तिरपं होऊन पार करावे लागत. चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू झाली. एवढी गाडी अचानक कशी, कागद बरोबर आहेत का, पुढं निवडणूक आहे का. अमृतशेठनी त्यावर एकच उत्तर ठेवलं होतं. जो कोणी गाडीकडे तिरपं बघेल त्याला ते आत बसवायचे, काचा वर करायचे आणि ॲक्सिलरेटर दाबायचे. "ऐका."

मीही बसलो होतो. पायाखालून जनावर गुरगुरत उठावं तसा आवाज. बाहेर आलेला माणूस पुढं कागदांबद्दल बोलत नसे.

तक्रार एकच होती. कंपनीतून आलेली म्युझिक सिस्टीम. अमृतशेठना गाण्याचा नाद आहे, तरुणपणी ते भजनी मंडळात तबल्याला बसायचे. "गानं लावलं का मागं कायतरी गुनगुनत राहातं," ते अंगदला म्हणाले. "तबला तर उगवतच न्हाई. सगळं बदलून टाक. स्पीकर, ॲम्प्लिफायर, सगळं."

अंगदनं गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी बघून कोणीही खूश झालं असतं. ह्याच्या कपाळाला आठी. "शेठ, पुन्यात एवढी मोठी दुकानं हायेत. माझ्याकडं कामून?"

"तिथं गाडी आत घेतात आन् आपल्याला बाहेर सोफ्यावर बसवतात. आत काय करतात कोन बघतं? हितं डोळ्यासमोर काम व्हईल."

म्हणजे हेही त्याच्याच जातकुळीतले. अंगदनं आधी गाडीचे कागद मागितले, नाव जुळवून बघितलं, मग व्हिडिओ घेतला. अमृतशेठनी माझ्याकडून खुर्ची मागवली आणि गाडीसमोर ठाण मांडलं. दाराचं आतलं कव्हर निघालं तसे ते वाकून बघायला लागले. प्रत्येक तारेला "ही कशाची?" अंगद सांगायचा, पण सांगताना त्यांच्याकडे असं बघायचा की हा माणूस मला का विचारतोय. जेवणसुद्धा अमृतशेठनी त्याच खुर्चीत केलं. दुपारनंतर मात्र त्यांची एक बस कामरगावच्या घाटात बंद पडली आणि त्यांना जावं लागलं. जाताना दोनदा मागं वळून बघितलं. तेवढ्या वेळात अंगदनं डिकीतल्या कार्पेटखालचा कंपनीचा ॲम्प्लिफायर काढला, नवा बसवला, आणि काढलेलं सगळं सामान नेहमीसारखं खोक्यात भरलं.

संध्याकाळी अमृतशेठ आले आणि अंगदनं गाणं लावलं. मी पत्र्याच्या अलीकडे होतो तरी मला तबल्याच्या शाईवरचं बोट कळलं. अमृतशेठ डोळे मिटून बसले होते, मांडीवर ठेका धरलेला. गाणं संपल्यावर म्हणाले, "आरं, हे तर समोर बसून वाजिवल्यावानी हाय." आणि खोकं डिकीत टाकून, गाणं चालू ठेवूनच गाडी घेऊन गेले. अंगद त्या दिवशी हसला. तो हसल्याचं मी फार वेळा बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. गाणं बंद होतं. अमृतशेठ खाली उतरले ते दार उघडंच टाकून.

"माझ्या इंजिनाला काय केलंस?"

अंगद हातातली सोल्डर गन खाली ठेवत म्हणाला, "इंजिनाला? मी बॉनेट उघडलंच न्हाई, शेठ."

"मग आवाज कुठं गेला? बस आत. बस म्हनतो ना!"

अंगद बसला. अमृतशेठनी ॲक्सिलरेटर दाबला. मी दारातून ऐकत होतो. गाडी चालू होती, पण साध्या चारचाकीसारखी. जनावर गायब. अंगदचा चेहरा उतरला. तो आवाज त्यानंही आदल्या दिवशी काम सुरू करण्याआधी आत बसून ऐकला होता.

"मी घाटात गेल्तो तेवढ्यात तू काढलंस कायतरी," अमृतशेठ म्हणाले. "माझी पाठ वळायचीच वाट बघत हुतास."

अंगदनं मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. त्यात अमृतशेठ गाडी चालू करताना दिसत होते. पण व्हिडिओ घेतला होता बाहेर उभं राहून, आणि त्यातही गाडीचा आवाज साधाच येत होता. हे बघून अमृतशेठ आणखी भडकले. "म्हंजे व्हिडिओतला आवाजबी कमी केलास! आधीपासनं ठरवलेलंच दिसतंय." त्या वेळी आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही की तो व्हिडिओ खरं तेच सांगत होता.

चौकापर्यंत ही गोष्ट पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. अमृतशेठनी टपरीवर सांगितलं, अंगदनं माझ्या गाडीचं काहीतरी काढून घेतलं. काय काढलं ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण ऐकणाऱ्यांनी ते भरून घेतलं. कोणी म्हणालं सायलेन्सरच्या आतला महागडा भाग, कोणी म्हणालं कॉम्प्युटरची चिप. एका टेम्पोवाल्यानं अर्धवट काम झालेला टेम्पो परत नेला. नेताना डॅशबोर्डखाली हात घालून चाचपून बघत होता. अंगद हे सगळं उभा राहून बघत होता.

संध्याकाळी शटर ओढताना म्हणाला, "सहादेवभाऊ, मला आता समजलं. पुन्यावाल्यानं ह्याला खराब इंजिनाची गाडी विकली. कायतरी औषध टाकून दोन महिने आवाज आनला असंल. ह्याला ते कळलं, आन् आता मला पुढं करतोय."

"तो तसा माणूस नाही रे."

"चिंचवडची बाईबी तशी नव्हती."

रोहिणीनं मात्र वेगळंच सांगितलं. घरी बसून कुढण्यापेक्षा त्यांच्या वस्तीवर जा, सगळं सामान पुन्हा उघडून दाखव. अंगद तयार झाला, पण एकटा जायला नाही. साक्षीला मला घेतलं.

अमृतशेठची वस्ती हंगा गावाच्या बाजूला आहे. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा गाडी शेडखाली होती आणि बॉनेट वर. नगरहून बोलावलेला मेस्त्री नुकताच गेला होता. त्यानं इंजिन तपासून सांगितलं होतं की सगळं जागच्या जागी आहे, काहीही काढलेलं नाही. पण त्यामुळे अमृतशेठचा संशय कमी होण्याऐवजी वाढला होता. "तोबी तुझ्या वळखीचाच निघाला असंल," ते म्हणाले.

"मी त्याचं नावबी ऐकलं न्हाई."

"मग आवाज काय उडून गेला?"

दोघांचा आवाज चढत चालला. शेडच्या कडेला अमृतशेठच्या आई, केशरबाई, कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "आरं, कालपासनं आवाज आवाज करून डोकं उठवलंय ह्यानं. कसला आवाज?"

"आई, गाडीचा. आधी कसा यायचा, आन् आता—"

"आधी कवा यायचा? तुझा बाप बुलेटवर यायचा तवा वढ्यापासनं ऐकू यायचं, मी चुलीवर तवा टाकायची. तुझी ही गाडी दारात येऊन उभी राहाती तरी मला पत्ता लागत न्हाई. परवा तर तू माझ्या पाठीशी येऊन हॉर्न वाजिवला, मी केवढी दचकले."

"म्हातारे, तुला ऐकू कमी येतं."

"तुमी दोघं भांडताय ते सगळं येतंय की ऐकू."

अमृतशेठ पुन्हा अंगदकडे वळले, पण अंगद त्यांच्याकडे बघत नव्हता. तो केशरबाईंकडे बघत होता. मग त्यानं मोबाईल काढून तो व्हिडिओ कानाला लावला. पुन्हा लावला.

"शेठ, तुमी ह्या गाडीचा आवाज बाहेरून कधी ऐकलाय?"

"मी चालवतो. बाहेरून कसा ऐकनार?"

"सहादेवभाऊ, तुमी?"

मी आठवायला लागलो. मी आत बसून ऐकला होता. टपरीवरचे सगळे आत बसूनच ऐकून आले होते, काचा वर करून.

"खोकं आना," अंगद म्हणाला.

खोक्याची चिकटपट्टी अजून तशीच होती. त्यानं ती फाडली, कंपनीचा जुना ॲम्प्लिफायर बाहेर काढला आणि डिकीत जाऊन तारा जोडायला लागला. आपण नक्की काय शोधतोय ते त्यालाही माहीत नव्हतं असं मला वाटतं. एकदा चुकीची तार जोडली आणि काहीच झालं नाही. अमृतशेठ म्हणाले, "बघा, आता नवीन नाटक." दुसऱ्यांदा जोडल्यावर अंगदनं त्यांना आत बसायला सांगितलं, म्युझिक बंद ठेवा म्हणाला, आणि दारं लावून घेतली.

अमृतशेठनी ॲक्सिलरेटर दाबला. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. भुवया वर गेल्या, मग सगळं तोंड पसरलं. आवाज परत आला होता. पण आम्ही बाहेर उभे होतो आणि आम्हाला ऐकू येत होती ती नुसती साधी घरघर, आणि काचेच्या पलीकडून काहीतरी दबलेलं. अंगदनं डिकीत हात घालून तार ओढली. अमृतशेठचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं तार पुन्हा टेकवली. पुन्हा ओढली.

अमृतशेठनी गाडी बंद केली आणि तसेच बसून राहिले. अंगदनं दार उघडून हळू आवाजात सांगितलं, "शेठ, तो आवाज स्पीकरमधनं येत हुता. कंपनीनंच तशी सोय केलीय. इंजिन गप हाय, म्हनून आत बसनाऱ्याला बरं वाटावं म्हनून वाजवत्यात. तुमी म्हनत हुता ना गान्यामागं गुनगुनतंय, ते हेच. मलाबी म्हाईत नव्हतं. असली गाडी मी पहिल्यांदाच उघडली."

केशरबाई म्हणाल्या, "म्हंजे टेपच की." आणि पुन्हा कांद्यांकडे वळल्या.

अमृतशेठनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाले, "वीस वर्सं मी डिझेलच्या गाड्यांचा आवाज ऐकत आलो. पहाटं उठून चालवल्यात. मला इंजिन ऐकून कळतं कुठं काय दुखतंय. आन् ह्यांनी मला टेप ऐकिवला. मला!" त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "आता हिच्यात दुसरं काय काय खोटं हाय कुनाला म्हाईत."

मला त्यांची दया आली. मला वाटलं, आता हे अंगदची माफी मागतील आणि प्रकरण संपेल. पण ते आम्हाला शेडच्या मागं घेऊन गेले आणि म्हणाले, "अंगद, हे आपल्यातच राहू दे. मी सांगतो का एक पाईप ढिला झाल्ता, तो बसवला. तुझंबी नाव सुटंल आन् माझंबी."

अंगदनं विचारलं, "ढिला कुनामुळं झाला म्हनून सांगनार?"

अमृतशेठ पायानं माती सारखी करायला लागले.

"म्हंजे माझ्यामुळंच. न्हाई शेठ. तुमी मला चोर चौकात म्हनलात. शेडच्या मागं ते परत घेता येत न्हाई."

"लोकं हसतील रे मला."

"मला लोकं हसत न्हाईत, शेठ. माझ्याकडनं टेम्पो काढून नेत्यात."

आम्ही निघून आलो. माझ्या मोटारसायकलवर मागं बसून अंगद मला म्हणाला, "बघा, आता ते गप बसनार. ती बांगडी सापडली तसंच." मी म्हटलं, मी सांगतो ना चौकात. तो म्हणाला, "तुमी सांगू नका. तुमी माझे शेजारी, लोकं म्हनतील शिकवलेलं बोलतोय."

मधे काही दिवस गेले. अंगदच्या गाळ्यात गाणं वाजत नव्हतं, त्यामुळे मला माझ्या मशिनीचा आवाज फार मोठा वाटायला लागला. तो दारात बसून रस्त्याकडे बघत असायचा, आणि निळी गाडी गेली की आत जायचा.

मग बाजाराच्या दिवशी, चौकात ऐन गर्दी असताना, अमृतशेठ गाडी घेऊन टपरीसमोर थांबले. काय झालं होतं ते त्यांनी पुढं मला सांगितलं. त्यांच्याच एका बसचा टेप बिघडला होता. ड्रायव्हर त्यांना म्हणाला, "शेठ, नगरला नेतो. त्या चोराकडं कशाला टाकायची?" हे त्यानं त्यांना खूश करायला म्हटलं होतं. अमृतशेठना दिवसभर जेवण गेलं नाही.

त्यांनी कोणाला तरी पाठवून अंगदला बोलावून घेतलं. अंगद आला, पण लांबच उभा राहिला, भेळवाल्याच्या पलीकडे. अमृतशेठनी त्याला जुना ॲम्प्लिफायर पुन्हा जोडायला सांगितला आणि तार बाहेर ठेवायला लावली. मग जो जो आधी आत बसून तो वाघासारखा आवाज ऐकून आला होता त्याला त्यांनी पुन्हा आत बसवलं. बाहेर उभं राहून ते स्वतः तार जोडायचे आणि काढायचे. "ऐकला? आता ऐका. गेला? आता बाहेर या आन् ऐका." आत माणूस, बाहेर घोळका. पहिल्यांदा कोणाला काही कळेना. मग भेळवाला हसायला लागला, आणि मग हसणं थांबेचना. एक जण म्हणाला, "शेठ, वाघ बदलून सनई लावता येती का?"

अमृतशेठ लाल झाले होते, तरी उभे होते. हसणं ओसरल्यावर ते मोठ्यानं म्हणाले, "अंगदनं माझ्या गाडीतनं कायबी काढलं न्हाई. जे काढलं ते माझ्या हातात दिल्तं. मी त्याला चोर म्हनलो ते चुकलं. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ऐकलं त्यांनी हेबी ऐका." आणि भेळवाल्याच्या पलीकडे बघून म्हणाले, "बास का?"

अंगदनं मान डोलावली. पण चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसलं नाही. गाळ्यात आल्यावर मला म्हणाला, "एवढं कामून बोलले असतील? बसचं काम फुकटात करून घ्यायचं असंल का?" मी कपाळावर हात मारला.

बसचं काम आलं, त्याचे पैसेही बिनबोभाट आले. टेम्पोवाला परत आला आणि काही झालंच नाही अशा थाटात हॉर्न वाजवून गेला. अमृतशेठना मात्र गावानं सोडलं नाही. ते दिसले की कोणीतरी तोंडानं गुरगुरायचं.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी निळी गाडी पुन्हा अंगदच्या दारात लागली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. पत्र्याच्या अलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"अंगद, गानं तर झकास वाजतंय. पर ते जुनं बी जोडता यील का? दोन्ही राहातील का?"

"वाघ?"

"व्हय."

"शेठ, खोटा हाय म्हाईत असून?"

अमृतशेठनी आवाज खाली आणला. "एकटा असतो तवा लावीन. मला ऐकून बरं वाटतं. त्यात तुझं काय जातंय?"

मला वाटलं, अंगद आता ह्यातही काहीतरी डाव शोधत असणार. पण थोड्या वेळानं डिकी उघडल्याचा आवाज आला, मग तारेला लावायची चिकटपट्टी फाडल्याचा. काम झाल्यावर अमृतशेठ म्हणाले, चल, एक चक्कर मारून बघू. मी दारात आलो. अंगदनं माझ्याकडे बघितलं, गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि वाकून त्या बुटक्या गाडीत शिरला. गाडी नगरच्या दिशेनं गेली. बाहेरून तिचा काहीच आवाज नव्हता.

तासाभरानं ते परत आले. मी विचारलं, "काय रे, वाघ कसा वाटला?"

अंगदनं शटर वर ढकललं. "घाटात बरा वाटतो," तो म्हणाला, आणि आत जाऊन पाहिजे तो पाना शोधायला लागला.